दोन याद्या, एकच खरेदी, तरी फरक: एक्सेलमधला ताळमेळ नेमका बिघडतो कुठे?

महिन्याची १४ तारीख आली की कोल्हापुरात शाहूपुरीपासून उद्यमनगरपर्यंतच्या कर सल्लागारांच्या ऑफिसांत एकच वाक्य फिरायला लागतं: "टूबी आली, मॅच करून घ्या." टूबी म्हणजे जीएसटीआर-२बी. तुम्हाला माल विकणाऱ्यांनी तुमच्या नावावर कोणती बिलं दाखवली, त्याची ही यादी. जीएसटी पोर्टल ती महिन्यातून एकदा तयार करून देतं. तिच्यासमोर ठेवायची आपली यादी म्हणजे खरेदी रजिस्टर. हा उद्योग हौसेचा नाही. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की पुरवठादाराने दाखवलेलं बिल २बी मध्ये उतरलं नाही, तर त्यावर भरलेल्या कराची वजावट तुम्हाला घेता येत नाही. मासिक विवरण भरणाऱ्याला २० तारखेला ३बी, म्हणजे वजावट घेऊन कर भरायचं विवरण, भरायचं असतं. मधे उरतात सहा दिवस.

दोन याद्यांचं हे दुखणं फक्त व्यापाऱ्यांचं नाही. साखर कारखान्याची ऊसबिलाची यादी आणि बँकेत जमा झालेल्या रकमांची यादी, दूध संस्थेचं संकलन रजिस्टर आणि संघाचा उतारा, शाळेच्या पटावरची नावं आणि शिष्यवृत्तीच्या यादीतली नावं, सगळीकडे हेच चाललेलं असतं. निवडणूक आली की मतदार यादीतल्या दुबार नावांच्या बातम्या येतात आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारतंच, "सगळं कॉम्प्युटरवर आहे न्हवं, मग एक बटन दाबून फरक निघत नाही व्हय?"

प्रश्न रास्त आहे. बटनं आहेत, बरीच आहेत. पण बटन दाबायच्या आधी माणसाने एक गोष्ट ठरवून द्यावी लागते: कुठल्या दोन नोंदींना "एकच" म्हणायचं. दिवस जातात ते या ठरवण्यात. शोधणं त्यानंतर काही सेकंदांचं काम आहे.

फरक शोधायचा म्हणजे नक्की काय शोधायचं?

तुलना दोन प्रकारची असते आणि निम्मा गोंधळ ही दोन कामं एकच समजल्यामुळे होतो.

पहिला प्रकार सेलसमोर सेल. एकाच फाईलच्या दोन आवृत्त्या आहेत, काल पाठवलेलं दरपत्रक आणि आज दुरुस्त होऊन आलेलं. मांडणी तीच, ओळी त्याच. इथे तिसऱ्या शीटवर एक सूत्र लिहायचं की दोन्हीकडचा हा सेल सारखा असेल तर रिकामं ठेव, नसेल तर "फरक" लिही, आणि ते खाली ओढायचं. दोन मिनिटांत मोकळे. मात्र समोरच्याने चाळिसाव्या ओळीनंतर एक नवी ओळ घातली असेल तर तिथून खालची सगळी शीट "फरक" ओरडत सुटते. बदललेलं काहीच नसतं, सगळं फक्त एक घर खाली सरकलेलं असतं.

दुसरा प्रकार ओळखीवरून. २बी आणि खरेदी रजिस्टर ही दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या क्रमाने, वेगळ्या कॉलमांत लिहिलेली कागदपत्रं आहेत. तिथे समोरासमोरचे सेल बघण्यात काही अर्थ नाही. एकेक बिल हातात घेऊन "हे तिकडे आहे का?" असं विचारावं लागतं, आणि उत्तर तीनांपैकी एक येतं. बिल फक्त आपल्याकडे आहे, फक्त त्यांच्याकडे आहे, किंवा दोन्हीकडे आहे पण आकडा वेगळा आहे.

ही तीन उत्तरं वेगळीच ठेवायला हवीत, कारण तिन्हींवरचा इलाज वेगळा. फक्त आपल्याकडे असेल तर पुरवठादाराला फोन. फक्त त्यांच्याकडे असेल तर एक तर आपलं बिल फाईलला लागायचं राहिलंय, किंवा कुणीतरी दुसऱ्याचं बिल आपल्या नंबरवर टाकलंय. आकडा वेगळा असेल तर मूळ बिल काढून बघायचं. बऱ्याच ऑफिसांत या तिन्हींची एकच लाल यादी करतात आणि तिला "मिसमॅच" नाव देतात. तशी यादी हातात घेऊन कुणालाच कळत नाही की पहिला फोन कुणाला लावायचा.

ओळख पटवायची कशावरून?

लग्नघरातल्या दोन याद्या डोळ्यांपुढे आणा. एक पत्रिका वाटण्यासाठी केलेली, दुसरी आहेराची वही. पहिलीत "बावड्याचे मामा" लिहिलंय, दुसरीत त्यांचं पूर्ण नाव, कंसात "सपत्नीक". घरच्या बाईला दोन्ही एकच माणूस आहेत हे बघताक्षणी कळतं. पाहुण्या पोराला याद्या जुळवायला बसवलं तर तो मामांना दोनदा मोजेल, किंवा बावड्याच्या दोन वेगळ्या मामांना एकच समजेल. संगणक हा तो पाहुणा पोरगा आहे. कामाला वाघ, पण नातीगोती माहीत नाहीत.

म्हणून त्याला ओळखीची खूण द्यावी लागते. या खुणेला "की" म्हणतात: प्रत्येक नोंदीला वेगळी, आणि दोन्ही याद्यांत सारखीच लिहिलेली. नाव ही सगळ्यात वाईट की. कोल्हापुरात महालक्ष्मी नावाची दुकानं मोजायला बसा, मग कळेल. त्यात इंग्रजीत लिहिताना कुणी मधे एक्स घालतो, कुणी के-एस-एच; कुणी पुढे "मेसर्स" लावतो.

जीएसटीत सुदैवाने चांगली की मिळते. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅन, तेरावं अक्षर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतं, चौदावं साधारणपणे झेड, आणि शेवटचं पडताळणीचं. पण एकटा हा क्रमांक पुरत नाही, कारण एकाच पुरवठादाराची महिन्यात दहा बिलं असू शकतात. एकटा बिल नंबरही पुरत नाही. एक नंबरचं बिल प्रत्येक दुकानदाराकडे असतं. दोन्ही जोडले की काम होतं, आणि त्याला आर्थिक वर्षही जोडावं, कारण एप्रिल उजाडला की बऱ्याच जणांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात.

सीमेवरच्या गावाचा एक खास घोळ इथे सांगायला हवा. महाराष्ट्राचा कोड २७, कर्नाटकाचा २९, गोव्याचा ३०. एकाच कंपनीचं गोडाऊन पुण्यात आणि बेळगावात असेल तर तिचे जीएसटी क्रमांक दोन असतात, पॅन मात्र एकच. माल आला बेळगावहून, बिल २९ च्या क्रमांकाचं, आणि आपल्याकडे ती पार्टी (म्हणजे तिचं खातं) जुन्या सवयीने पुण्याच्या २७ वर उघडलेली. मग त्या कंपनीची सगळीच बिलं दोन्ही बाजूंना "सापडत नाहीत" म्हणून येतात. शिवाय कराचा प्रकारही बदलतो: राज्यातल्या बिलावर केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा, बाहेरच्या बिलावर एकत्रित कर. फक्त पॅनवर तुलना केली की ही गोष्ट लगेच उघडी पडते. न जुळलेल्या बिलांसाठी मी ती दुसरी फेरी नेहमी सुचवतो.

दिसायला सारखं, आतून वेगळं

की ठरली, सूत्र टाकलं, तरी जी बिलं डोळ्यांना ढळढळीत सारखी दिसतायत ती एक्सेल "नाहीत" म्हणतं. लोक इथे एक्सेलला शिव्या घालतात. त्याचा दोष नसतो असं नाही, पण बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो. आपल्याला दिसतं ते सेलचं वरचं रूप. तो तुलना करतो ती आत साठवलेल्या गोष्टीची.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड मोकळ्या जागेची. बिल नंबरच्या शेवटी एक स्पेस राहिली की तो वेगळा नंबर झाला. ट्रिम नावाचं फंक्शन पुढच्या-मागच्या स्पेस काढतं. पण वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात कधी वेगळीच स्पेस येते, दिसायला तशीच, पण अंतर्गत क्रमांक १६० असलेली. तिला ट्रिम हात लावत नाही. "ट्रिम केलं तरी जुळत नाही" अशी तक्रार आली की आधी हीच शंका घ्यावी आणि सबस्टिट्यूट हे अक्षर बदलून देणारं फंक्शन वापरून ती काढावी.

मग आकडा आणि मजकूर. एका फाईलमधला ४५ हा आकडा असतो, दुसऱ्या फाईलमधला ४५ म्हणजे "चार" आणि "पाच" ही अक्षरं. एक्सेलच्या लेखी दोन्ही वेगळे. साधी खूण अशी की काही न केलेल्या सेलमध्ये आकडा उजवीकडे टेकतो, मजकूर डावीकडे; शिवाय मजकूर बनलेल्या आकड्याच्या कोपऱ्यात बहुधा छोटा हिरवा त्रिकोण दिसतो.

बिल नंबरांवर एक्सेल आपलं डोकं लावतं ते तर फारच. बिलावर ००७ छापलंय, टाइप केलं की उरतो ७. बिल नंबर ५-१२ असेल तर तो थेट पाच डिसेंबर होतो किंवा बारा मे. हा छळ फक्त आपलाच नाही. शास्त्रज्ञांनी काही जनुकांना दिलेली छोटी नावं एक्सेल मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा समजून बदलत होतं. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांची नावंच बदलून टाकली. आपल्याला नावं बदलायची गरज नाही. बिल नंबरचा कॉलम, आणि त्याच्यासोबत आधार व खाते क्रमांकाचाही, फाईल भरायच्या आधीच "टेक्स्ट" करून ठेवला की भागतं. खाते क्रमांकाचं कारण जास्त गंभीर आहे: एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच जपतं. १६ अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून आत गेला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि तो नंतर टेक्स्ट करूनही परत येत नाही. ऊसबिलाच्या किंवा अनुदानाच्या यादीत असं झालं तर पैसे अडकलेच.

तारखांचा प्रकार बेरकी आहे. एक्सेल तारीख आकडा म्हणून साठवतं, १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून दिवस मोजत जायचं. १५ ऑगस्ट २०२५ म्हणजे ४५८८४. आता संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, आणि आपण पोर्टलवरची फाईल थेट उघडली, तर ०४/०५/२०२५ ही चार मेची तारीख पाच एप्रिल होते. १३/०५/२०२५ ला मात्र तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती मजकूर म्हणून तशीच राहते. महिन्यातल्या पहिल्या बारा दिवसांची बिलं गुपचूप चुकीची आणि तेरापासून पुढची अडकलेली, असं चित्र दिसलं की दुसरं काही शोधू नका, संगणकाची प्रादेशिक सेटिंग बघा.

आणि पैसे. ५,००२.५१ रुपयांवर ९ टक्के कर येतो ४५०.२२५९. सेलमध्ये दिसतात ४५०.२३, आत पूर्ण शेपूट तशीच. २बी मध्ये खरोखर ४५०.२३ आहेत. वजाबाकी केली की फरकाच्या कॉलममध्ये "-०.००" असं विचित्र काहीतरी उमटतं, आणि सूत्र म्हणतं फरक आहे. तुलनेआधी दोन्हीकडच्या रकमा राउंड फंक्शनने दोन दशांशांवर आणाव्यात, आणि एक रुपयापर्यंतचा फरक पुकारून माफ करावा. पुकारून म्हणजे शीटवर तसं लिहून. नाहीतर पुढच्या महिन्यात कुणीतरी दहा रुपये माफ करायला लागतो.

एक फरक मात्र कुठलंही फंक्शन पकडत नाही. आपल्या रजिस्टरमध्ये "रक्कम" म्हणजे करासह १,१८,०००. २बी मधलं करपात्र मूल्य १,००,०००. दोन्ही कॉलम रकमेचेच, अर्थ वेगळा. शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीचं रजिस्टर उघडलं तर पिग आयर्नच्या (ओतकामाच्या कच्च्या लोखंडाच्या) बिलात गाडीभाडं कुणी रकमेत धरलेलं असतं, कुणी वेगळं लिहिलेलं. हे फक्त बिल समोर ठेवल्यावरच कळतं.

मराठी याद्यांची वेगळी डोकेदुखी

ग्रामपंचायत, सोसायटी, शाळा यांच्या याद्या मराठीत असतात आणि तिथे आणखी एक थर चढतो. जुन्या फाईल शिवाजी, श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं; फॉन्टने फक्त त्यांना मराठी कपडे घातलेले. अशी यादी युनिकोडमधल्या, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या आजच्या पद्धतीतल्या, यादीशी जन्मात जुळणार नाही. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करावी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीत, कारण कन्व्हर्टर तिथेच घसरतात.

दोन्ही याद्या युनिकोडमध्ये असल्या तरी सुटका नाही. "कऱ्हाड" घ्या. त्यातला आडवा अर्धा र कीबोर्डप्रमाणे निदान दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्याच्या मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला एक, आतली अक्षरं वेगळी. "दऱ्याचे वडगाव" लिहिलेल्या यादीचीही तीच गत. पाटील आणि पाटिल, "श्री." लावलेलं आणि न लावलेलं, "कसबा बावडा" आणि नुसतं "बावडा" हे तर रोजचंच.

मग करायचं कसं?

आधी दोन्ही मूळ फाईल जशाच्या तशा बाजूला ठेवायच्या आणि कॉपीवर काम करायचं. मग ओळी मोजायच्या. हे बाळबोध वाटतं, पण इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेला हे महागात पडलं होतं. २०२० च्या सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कोविडचे १५,८४१ रुग्ण तिथल्या रोजच्या आकड्यांतून सुटले, कारण प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये ओतली जात होती. त्या फाईलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढचं काही मावत नाही. नव्या फाईलची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे, त्यामुळे आपल्याकडे ती वेळ सहसा येत नाही. पण डाउनलोड अर्धंच झालंय किंवा फिल्टर लागलेला राहिलाय, हे तर दर आठवड्याला घडतं.

त्यानंतर दोन्ही शीटवर एक नवा कॉलम घालून त्यात स्वच्छ केलेली की बनवायची: जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष आणि बिल नंबर, स्पेस काढलेले, मधल्या रेघा काढलेल्या, इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये. बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा आणि त्यात अक्षरं-अंकांसोबत आडवी किंवा तिरकी रेघ चालते, असा नियम आहे. पण छापलेला आख्खा नंबर उतरवून घेण्याचा कंटाळा सार्वत्रिक आहे. पुरवठादार पोर्टलवर "केबी/२५-२६/००४५" टाकतो आणि आपला मुनीम "४५". यावर एकच खरा उपाय: आजपासून बिलावर छापलंय तसंच उतरवायचं. मागच्यांसाठी शेवटच्या रेघेनंतरचा भाग काढून, पुढची शून्यं उडवून दुसरी की करावी लागते. ती पहिलीइतकी भरवशाची नसते, म्हणून तिच्यावर जुळलेली बिलं वेगळ्या रंगात ठेवून रक्कम आणि तारीखही बघावी.

आता जुळवण्याआधी दुबार बघायचं. काउंटइफ लावून प्रत्येक की आपल्याच यादीत किती वेळा आलीय ते मोजा. एकाच बिलात ५ आणि १८ टक्क्यांचा माल असेल तर ते दोन ओळींत येतं, आणि ते योग्यच. अशा ओळी पिव्हट टेबलने (एक्सेलची गटवार बेरीज करून देणारी सोय) एका बिलाला एक याप्रमाणे एकत्र करा. तेच बिल दोनदा चढवलेलं असेल तर ते इथेच सापडतं. काउंटइफचा एक दोष लक्षात ठेवा: की निव्वळ अंकांची आणि १५ पेक्षा लांब असेल तर ते पहिले १५ अंक बघून दोन वेगळ्या खात्यांना एक मोजतं. अशा कीच्या पुढे एखादं अक्षर जोडलं की प्रश्न मिटतो.

मग येतं प्रत्यक्ष शोधणं. व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतली की दुसरीत शोधून देणारं फंक्शन, सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांना त्याने कधी ना कधी फसवलेलं आहे. शेवटचा भाग लिहायचा राहिला तर ते नेमकं न शोधता अंदाजाने जवळचं उचलतं, आणि चूक दाखवतही नाही, आत्मविश्वासाने भलताच आकडा देतं. नव्या एक्सेलमधलं एक्सलुकअप सांगितल्याशिवाय अंदाज करत नाही. ते मिळत असेल तर व्हीलुकअपला निवृत्त करायला हरकत नाही. शोध दोन्ही दिशांनी करायचा, आपल्याकडून तिकडे आणि तिकडून आपल्याकडे. एकाच दिशेने केला तर फक्त त्यांच्याकडे असलेली बिलं कधीच दिसत नाहीत, आणि त्यातच आपली हक्काची वजावट पडून असते.

दर महिन्याला हेच करायचं असेल तर एक्सेलमधलं पॉवर क्वेरी शिकून घ्यावं. त्यात दोन याद्या "मर्ज" करताना फक्त पहिलीत असलेल्या ओळी, फक्त दुसरीत असलेल्या ओळी, दोन्हीकडच्या ओळी असे पर्याय थेट मिळतात. स्वच्छतेच्या पायऱ्याही जपून राहतात. पुढच्या महिन्यात फाईल बदलली आणि रिफ्रेश केलं की सगळं पुन्हा होतं. शिकायला दोन संध्याकाळी जातात.

"एकूण बेरीज जुळली, मग पुरे की!"

नाही पुरत. एका पुरवठादाराचं ३६,००० चं बिल दुसऱ्याच्या खात्यावर चढलं तर एकूण बेरीज तंतोतंत जुळते आणि दोन खाती चुकलेली असतात. २बी मधली तपासणी बिलवार असते, बेरजेवर नाही.

मात्र बेरीज जुळली नाही तर त्या फरकाकडून बरंच वदवून घेता येतं, आणि हे जुन्या मुनिमांना कॅल्क्युलेटरशिवाय जमायचं. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटे पडले असण्याची दाट शक्यता: ५,४३० च्या जागी ५,३४०, फरक ९०. एखादं शून्य कमीजास्त झालं तरी तेच, १,२०० च्या जागी १२० लिहिले तर फरक १,०८०, पुन्हा नवाच्या पाढ्यातला. फरक सम असेल तर त्याचा निम्मा आकडा यादीत शोधून बघा. २,५०० ची क्रेडिट नोट वजा करायच्या ऐवजी मिळवली गेली तर फरक ५,००० चा पडतो. क्रेडिट नोट म्हणजे माल परत गेला किंवा दर कमी झाला की पुरवठादार देतो तो कागद. २बी जुळवताना सगळ्यात जास्त विसरला जाणारा.

"एवढी सॉफ्टवेअरं असताना हाताने कशाला?"

वापरा की. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये २बी जुळवायची सोय आहे आणि महिन्याला शेकडो बिलं असतील तर तीच बरी. फाईलच्या दोन आवृत्त्या ताडून बघायच्या असतील तर मायक्रोसॉफ्टचं स्प्रेडशीट कम्पेअर ऑफिसच्या काही व्यावसायिक आवृत्त्यांसोबत येतं, आणि फुकटच्या लिब्रेऑफिसमध्येही कम्पेअर डॉक्युमेंट आहे. पण "४५" आणि "केबी/२५-२६/००४५" एकच आहेत का, यावर कुठलंही सॉफ्टवेअर फार तर "असावेत" म्हणतं. होकार तुम्हीच द्यायचा असतो. म्हणून अशा सॉफ्टवेअरच्या "संभाव्य जुळणी" या यादीवर डोळे मिटून सही करू नये.

एआयचं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे: त्याच्याकडून सूत्र लिहून घ्या, उत्तर घेऊ नका. दोन याद्या चिकटवून "फरक सांग" म्हटलं तर ते मधली एखादी ओळ गाळू शकतं आणि नसलेला फरकही ऐटीत सांगू शकतं. सूत्र मात्र तुमच्या फाईलवर चालतं, चुकलं तर दिसतं. शिवाय पार्ट्यांचे पॅन आणि खाते क्रमांक अनोळखी सर्व्हरवर टाकण्याआधी, ते त्यांचे आहेत, आपले नाहीत, हे आठवावं.

मग मतदार यादीतली दुबार नावं का निघत नाहीत?

कारण तिथे की नाही. म्हणजे आहे, मतदार ओळखपत्राचा क्रमांक. पण दुबार नोंद झालेल्या माणसाला बहुधा दोन वेगळे क्रमांक मिळालेले असतात. त्या की प्रमाणे तो दोन माणसं आहे. उरतं नाव, वय आणि पत्ता. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव की नवऱ्याचं, इथूनच सुरुवात.

अशा वेळी अंदाजी जुळणी करतात. एक पद्धत अशी की एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं. व्लादिमीर लेवेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडलेलं हे माप आजही सर्रास वापरलं जातं. पाटिलचा पाटील करायला एक बदल, म्हणून बहुधा एकच. पण मानेचा मोने करायलाही एकच बदल लागतो, आणि ती तर दोन वेगळी घराणी. चाळणी बारीक केली की दुबार सुटतात, मोठी केली की निर्दोष माणसं संशयित होतात. करवीर तालुक्यात एकाच गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे दोन पाटील निघणं काही नवल नाही. त्यामुळे संगणकाने काढलेली यादी ही फक्त दारात जाऊन विचारायच्या लोकांची यादी असते. त्या यादीवरून थेट नावं कापायची मागणी होते तेव्हा, कुठल्याही बाजूने होवो, हे विसरलेलं असतं.

फरक सापडले, पुढे?

व्यापाऱ्याकडे परत येऊ. निघालेल्या प्रत्येक फरकासमोर एक शब्द लिहायचा कॉलम ठेवा: कारण. बऱ्याच बिलांचं कारण निव्वळ वेळेचं असतं. माल मार्चअखेरीस निघाला, पुरवठादाराने मार्चमध्ये दाखवला, आपल्याकडे गाडी एप्रिलमध्ये उतरली. ही चूक नव्हे, पुढे ओढायची बाकी आहे. जी बिलं पुरवठादाराने दाखवलीच नाहीत त्यांची यादी त्याला बिल नंबर आणि तारखेसकट पाठवा. "तुमची काही बिलं दिसत नाहीत" अशा फोनवर कुणी हलत नाही. त्याने मासिक विवरण भरायची तारीख साधारण ११ असते, तेव्हा निरोप आठ-नऊ तारखेआधी पोचला तर पुढच्या १४ ला बिल दिसेल.

न दिसलेल्या बिलाची वजावट आत्ताच उचलायचा मोह आवरावा. चुकीची वजावट घेऊन वापरली तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज बसतं. उलट थांबण्यालाही मर्यादा आहे: आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरण भरल्याची तारीख, यातलं जे आधी येईल ते. म्हणून पुढे ओढलेल्या बिलांची शीट दर महिन्याला नवी करायची नाही. तीच चालू ठेवायची, जुनी बिलं वर, आणि दिवाळीचे फटाके संपले की तिच्यातल्या मागच्या वर्षाच्या ओळी काढून एकेका पार्टीच्या मागे लागायचं.